वैनी, तो चिमटा कशाला काढलास?

प्रिय वैनी,

तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र घातलं नाही. गरजच काय होती? धसईच्या बाजारात शहापूरकडचं कोणी ना कोणी भेटायचं, त्याच्याजवळ निरोप दिला की तिसऱ्या दिवशी तुझा उलटा निरोप यायचा, "सखूला म्हणावं, फार अक्कल पाजळू नको." आता निरोप न्यायला कोण आहे? म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंत शिकवलं होतं मला, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

लिहायचं कारण सांगते. आज सकाळी तुझ्या सुमनकडे गेले होते, सिद्धगडाच्या पायथ्याला, तिच्या सासरी. सोबत तांदळाच्या पापड्या नेल्या होत्या. ओटीवर कोणी दिसेना म्हणून सरळ आत गेले, तर काय बघते! तिची सासू दिव्याशी बसलेली, दाभणाला बिब्बा टोचलेला, त्यातून तेल चुरचुरतंय. आणि समोर तुझी लेक मान वाकडी करून, पदर सारून तयार बसलेली. तिच्या कानाखाली, जबड्याच्या कडेला, एक गाठ. सुपारीएवढी.

वैनी, तीच जागा गं!

मग मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. दाभण हिसकावलं आणि बिब्ब्यासकट अंगणात भिरकावून दिलं. विहीणबाई उठल्याच, "ही काय रीत झाली? आमच्या घरात येऊन आमच्याच हातातलं ओढता? गाठ जिरते बिब्ब्यानं. आमी काय आज लावतो?"

"जिरते का झाकते, ते मला इचारा," मी म्हटलं. "माझी वैनी गेली त्याच्यापायी."

"बिब्ब्यानं कोण मरतं?"

"बिब्ब्यानं नाय मरत. बिब्ब्याखाली काय हाय ते कोणाला दिसत नाय, म्हणून मरतं."

त्यांचा राग काही गेला नाही. आणि तुझी सुमन काय म्हणाली माहीत आहे? "आत्या, काय नाय गो, दाढेची सूज आहे." अगदी तुझंच वाक्य! मी तिला म्हटलं, सोमवारी मुरबाडला डॉक्टरकडे जायचं, मी न्यायला येते, आणि तोवर ह्या गाठीला तेलाचं बोट जरी लागलं तर माझ्याशी गाठ आहे. घरी आले ती तशीच कागद घेऊन बसले. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे, चष्म्याला दोष देऊ नकोस.

मी संशयी आहे हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तुझ्या लग्नात मांडवातच मी तुझी वेणी ओढून पाहिली होती, गंगावन तर नाही ना म्हणून! केवढी लांब वेणी, कोण विश्वास ठेवणार? तू कळवळलीस आणि मग पदरात तोंड घालून हसलीस. "नणंद आहे का फौजदार?" तेव्हापासून मला फौजदारच म्हणायचीस. दूधवाल्याचं दूध मी बोटावर घेऊन बघायची, कासाराच्या बांगड्या उन्हात धरायची. तू म्हणायचीस, देव भेटला तरी ही आधी त्याचा दाखला मागेल.

मागेनच. सोडते की काय!

दुपारची भांडी झाली की मागच्या पडवीत तुझी मिसरी चालायची. तव्यावर तंबाखू जाळून तू स्वतः करायचीस, घरभर ठसका. डबी उघडायची, बोट बुडवायचं आणि दात घासत बसायचं. अर्धा अर्धा तास! गालात राहिलेली तशीच. मी एकदा म्हटलं होतं, "जळकी तंबाखू दिवसभर गालात, ही बरी का गं?" तर तू दात दाखवलेस, "बघ, लोखंड आहे लोखंड." खरंच, दात पक्के होते तुझे. दातांना काही झालं नाही शेवटपर्यंत, झालं ते गालाला.

मला पहिला संशय कशावरून आला सांगू? मिरचीवरून. हिरवी मिरची दाताखाली नसेल तर तुला घास जात नसे. त्या वर्षी माहेरपणाला आले, तर तू मिरची ताटाच्या कडेला सारत होतीस. भाकरी सोडून भात, तोही ताकात कालवून, आणि चावायचं ते उजव्याच बाजूनं. मी तुला ओढून अंगणात उन्हात आणलं आणि म्हटलं, तोंड उघड. उघडेचना! "मिसरीचं तोंड काय बघतेस?" शेवटी उघडलंस. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आणि मधोमध लाल, कच्चं. मी विचारलं, केव्हापासून? "होळी झाली तेव्हापासून असेल. दाढेचा कोपरा लागतो गो." होळी! आणि आता आषाढ लागायला आला होता. तोंडातली जखम एवढी राहते कधी? जीभ चावली तर आठवड्यात भरून येते.

मग जबड्याखाली गाठ आली, आणि मग आली थोरली काकी.

काकीचं मन वाईट नव्हतं, तेवढं मी कबूल करते. पण पाय मुरगळला बिब्बा, पोट दुखलं बिब्बा, बाळंतिणीला बिब्बा, बैलालाही बिब्बा. तिच्या कोनाड्यात देवाच्या शेजारी बिब्ब्यांची पुरचुंडी असायची. मी तिकडे असते तर लावू दिला नसता. मी भाताच्या आवणीसाठी सासरी, धसईला परत गेले आणि मागं तिनं तुझ्या गाठीवर डाग दिले. तुझी कातडी नाजूक, बिब्बा उतला! कानापासून गळ्यापर्यंत फोड, पाणी, ताप. दादाचा निरोप आला तशी चिखल तुडवत धावत आले. बैलगाडीत घालून तुला शहापूरच्या डॉक्टरकडे नेलं. दादा पुढे, मी तुझ्या शेजारी.

ती खोली मला अजून दिसते. तू स्टुलावर, तोंडावर पदर. दादा दाराशी उभा. मी तुला धरून. डॉक्टरांनी मानेवरचा फडका काढला आणि जो भडका उडाला त्यांचा! "बिब्बा लावलात ना? किती वेळा सांगायचं तुम्हाला लोकांना? जनावर आहे का ही?" किती वेळ बोलत होते. बोलणं खोटं नव्हतं. पण मला तेव्हाच वाटलं, हा माणूस रागावण्यातच सगळा वेळ घालवणार. शेवटी शांत झाले तेव्हा विचारलं, "याच्या आधी काही होतं का इथं?"

आणि तू काय म्हणालीस, वैनी?

"काय नव्हतं. दाढ ठणकत होती म्हणून लावला. ही सूज बिब्ब्याचीच."

मी तोंड उघडलं, "डॉक्टरसाहेब, गाठ तर..." आणि तुझा हात पदराखालून आला. दंडाला असा चिमटा काढलास, नख रुतवून, वर पीळ देऊन! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओठातल्या ओठात "आई गं" म्हटलं. डॉक्टरांनी वर पाहिलं. तू म्हणालीस, "हिला मुंगी चावली."

झालं. त्यांनी जळल्याचं मलम लिहिलं, इंजेक्शन टोचलं. पण त्यांच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. बाई म्हणते दाढ ठणकत होती, तर तोंड उघडून दाढ बघायची की नको? एवढी टेबलावर बॅटरी पडली होती. मानेवरचा जाळ दिसला आणि त्यांना वाटलं, कारण सापडलं. कंपाउंडरनं गुलाबी औषधाची बाटली दिली, कागदाची पट्टी कापून चिकटवलेली. मी वाटेत बूच काढून चाटून पाहिलं. पेपरमिंटचं पाणी!

गाडीशी आल्यावर मी तुला खडसावलं, "चिमटा कशाला काढलास?" तू इकडेतिकडे बघितलंस, दादा बैल जुंपत होता. मग म्हणालीस, "सुमनची सुपारी फुटलीय, सखू. गळ्याला गाठ म्हटली की लोक काय म्हणतात? क्षय म्हणतात, गंडमाळ म्हणतात. आईला असलं दुखणं, तर लेकीला कोण नेईल? माघात लगीन होऊ दे, मग काय ते बघू."

"आणि तोवर?"

"तोवर तू गप ऱ्हा."

मी गप्प राहणारी आहे का? त्याच संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. तर दादा माझ्यावरच डाफरला, "डॉक्टर शिकलेला माणूस. त्याला कळत नाय नि तुला कळतं?" तुझा नवरा म्हणून बोलत नाही, माझा भाऊ आहे, पण बैलाच्या दातांवरून वय सांगणाऱ्या माणसाला बायकोच्या तोंडात डोकवावंसं वाटलं नाही!

पुढे मलमानं बिब्ब्याची जखम सुकली. सूज ओसरली. सगळं घर खूश, "उतार पडला, उतार पडला." काकीनं तर श्रेय घेतलं, बिब्ब्यानं वाईट रगत बाहेर काढलं म्हणे. मी तुझ्या नव्या कातडीवर बोट दाबून पाहिलं. खाली ती होतीच. घट्ट, हलत नव्हती. उतार पडला होता तो डागांना. मी सांगितलं, तर सगळे म्हणाले सखूला चांगलं काही बघवतच नाही.

सुमनच्या लग्नात तू घासभर जेवली नाहीस. "उपास आहे," म्हणत होतीस. बायका कौतुक करत होत्या, आई असावी तर अशी, लेक जाणार म्हणून घास उतरत नाय. मी वाढपाची पातेली धरून उभी होते आणि तुझ्याकडे बघत होते. तुला तोंड पुरतं उघडताच येत नव्हतं गं! सुमनला निरोप देताना तू तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलीस आणि तिला ते कळलंही नाही.

त्यानंतर कल्याणला दात काढणाऱ्याकडे नेलं. त्यानं दाढ उपटली, चांगली होती ती. खड्डा भरेना. तेव्हा कुठे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, मिसरूडही धड फुटलेलं नाही. मी म्हटलं, याला काय कळणार? पण त्यानं खुर्ची तुझ्यासमोर ओढली, तोंडात उजेड पाडला आणि विचारलं, "आई, अगदी सुरुवातीला काय झालं? पहिल्यापासून सांगा." आणि तू सांगितलंस. मिरची, चट्टा, गाठ, बिब्बा, सगळं, एकेक शब्द लाळेतून ओढून. लग्न झालं होतं ना आता सुमनचं! तो ऐकत राहिला, रागावला नाही. बाहेर येऊन दादाला म्हणाला, कॅन्सर आहे, गालातून मानेत उतरलाय, आता कापून हाती येणार नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आवणीला तू नव्हतीस.

वैनी, आज एक विचारते. तुला कळलं होतं ना? लग्नापर्यंत दाबून धरायचं, असं तू ठरवूनच टाकलं होतंस ना? दुधातलं पाणी मी ओळखते, पण हे मला अजून ओळखता आलेलं नाही. कधी वाटतं, तुला खरंच दाढ वाटत होती. कधी वाटतं, तू सगळ्यांना फसवलंस, डॉक्टरला, दादाला, मला. आणि दिव्याशी बसलेली सुमन बघितल्यापासून मला तुझा राग येतोय. इतका राग येतोय की रडूच येतं.

सोमवारी काय होतं ते बघू. आता भाताला आधण ठेवते.

*

पत्र पापडाच्या डब्यात ठेवलं होतं, आज परत काढलं. मध्ये बरेच दिवस गेले. थांब, सगळं सांगते, मधेच काही विचारू नकोस.

सोमवारी एसटीनं मुरबाडला गेलो. सुमन, मी, आणि तुझे जावई. ते न सांगता आले, खांद्यावर टॉवेल टाकून स्टँडवर उभे; गाठ शिमग्यापासूनची आहे हे त्यांनीच मला हळूच सांगितलं. विहीणबाई ओटीवरून बघत होत्या, म्हणाल्या, "जावा. आमच्या घरात बिब्बा नको म्हणतात आणि सोताच घालतात." मी ऐकून घेतलं. त्या दिवशी माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. एसटीत सगळी वाट मी सुमनच्या मानेकडे बघत होते आणि ती खिडकीबाहेर.

डॉक्टरांनी गाठ चाचपली. विचारलं, "केव्हापासून आहे?"

"परवापासून," सुमन म्हणाली. "दाढ ठणकते म्हणून सूज हाय."

मी तोंड उघडलं. आणि वैनी, पदराखालून हात आला! तोच दंड. नख रुतवून, वर पीळ देऊन! ही कुठे शिकली गं? तू तर हिला कधी शिकवला नसशील. क्षणभर मला वाटलं, तूच बसली आहेस स्टुलावर.

पण या खेपेला मी अशी ओरडले, अशी ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली. "आई गं! मेले!" डॉक्टरांच्या हातून नळी पडली. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही खोटं बोलते! गाठ शिमग्यापासून हाय, तिच्या नवऱ्याला इचारा. ही मिसरी लावते. हिची आई तोंडाच्या कॅन्सरनं गेली, तिनं पण दाढच सांगितली होती. हिच्या गाठीवर बिब्बा लागणार होता तो मी फेकला, नायतर तुमाला नुसता फोड दिसला असता. तोंड उघडून बघा हिचं!"

सुमन हुंदके द्यायला लागली, "आत्या, काय केलंस गो! सासू मला घरी पाठवेल."

"कोण पाठवते?" जावई म्हणाले. आजवर त्यांचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता. "मी हाय ना इथं. डॉक्टर, गाठ शिमग्याच्या आधीपासून हाय. संध्याकाळचा ताप पण येतो तिला. मला बोलू देत नव्हती."

तापाचं तर मलाही सांगितलं नव्हतं! बघ, तुझी लेक.

डॉक्टरांनी बॅटरी लावून सगळं तोंड बघितलं, जिभेखाली, दोन्ही गालांत बोट फिरवून. काळं होतं, पण जखम कुठे नव्हती. छाती तपासली. मग म्हणाले, "क्षयाची गाठ वाटते. औषध चालू करू या."

"वाटते?" मी म्हटलं. "तिकडं पण डॉक्टरला बिब्ब्याची सूज वाटली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हाकलतात. जावयांनी मान खाली घातली. पण डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. नुसत्या हातानं चाचपून मी पैज मारू शकत नाही. गाठीचा तुकडा काढून तपासावा लागेल. कल्याणला चिठ्ठी देतो." बघ वैनी, विचारलं तर सांगतात! न विचारता सांगणारा मला अजून भेटायचाय.

कल्याणला तुकडा काढला. बाटलीत घातला, मुंबईला गेला. ते मधले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तुळशीला पाणी घालायला गेले की तिथेच उभी राहायची. सुमन माझ्याकडे राहिली होती, मी तिच्या ताटाकडे बघायची, मिरची खाते का. ती मुद्दाम मिरची दाखवून खायची. "बघ आत्या, खाल्ली. आता झोपतेस का?"

आणि काल निकाल आला. क्षयच आहे. कॅन्सर नाही! गोळ्या आणि इंजेक्शनं पुष्कळ महिने घ्यायची, पण बरी होणार म्हणाले. मी त्या डॉक्टरांना विचारलं, "हा तुकडा सुमनचाच ना? बाटली बदलली नाय ना?" जावई लाजले, पण डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं नाव माझ्यापुढे धरलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग बाहेर आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. क्षय झाला म्हणून कोणी देवाला नारळ फोडतं का गं? मी फोडला.

विहीणबाईंना आज सांगायला गेलो. क्षय म्हटल्यावर त्यांचं तोंड पडलं, पण जावई सगळ्यांसमोर सुमनच्याच तांब्यातलं पाणी प्यायले. मला धडकीच भरली, म्हटलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले पराक्रम नको! निघताना विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "गोळ्या खऱ्या हायत ना गो? कंपाउंडर चुना तर देत नाय?" वैनी, मी मिठी मारायची बाकी होते त्यांना!

तर आता ऐक. तुला शब्द देते. सुमनच्या शेवटच्या गोळीपर्यंत मी तिच्या मागे लागणार, उतार पडला तरी सोडणार नाही, उतारावर तर माझा मुळीच भरवसा नाही. तिची मिसरीची डबी मी ओढ्यात टाकली, नवीन केली तर तीही टाकीन. गालातली जखम भरेना, गाठ जिरेना, असं धसईत कोणाचंही ऐकलं तर त्या बाईला हाताला धरून नेईन आणि डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगायला लावीन. ती लाजली तर मी सांगेन. डॉक्टर रागावला तर रागावू दे.

दंडावर सुमनच्या नखांची खूण अजून आहे, हिरवीनिळी. पोलक्याची बाही वर करून मी मघापासून बघतेय. तुझी खूण त्या पावसातच निघून गेली होती. तू जरा आणखी जोरात काढायला हवा होतास गं, वैनी. मी ओरडले असते.

तुझी फौजदार,
सखू